प्रेमचंद शेठची प्यादेमात

लाईट यायला अजून तासभर हाय. तवर मोटर काय चालू व्हत न्हाई, बसा गुमान. आन् शौर्य, तो मोबाईल खिशात घाल. प्रतीक्षा, तूबी हसू नको. आदेशनं मला सोत्ताच्या तोंडानं सांगितलेली गोष्ट हाय ही. मंचरवरून घोडेगावला माझ्याच जीपनं गेला व्हता तो, आन् माझ्याच जीपनं आला. जाताना तोंडाची टकळी बंद न्हाई. येताना पाणी सुदिक मागितलं न्हाई गड्यानं.

साल दोन हजार चोवीस. सात डिसेंबर, शनिवार, चंपाषष्ठी. घरोघर वांग्याचं भरीत झालेलं.

काम साधंच व्हतं. घोडेगावात बंटी शेठचं किराण्याचं दुकान, वर राहतं घर, आन् त्याच्याबी वर नवा हॉल. बंटी म्हंजे पंचेचाळिशीचा बाप्या, पर गावाला अजून बंटीच. त्याच्याकडं आज्याच्या वेळचं एक मोठं चित्र व्हतं, कापडावर रंगानं काढलेलं, धुरानं काळं पडलेलं. रविवारी सकाळी पावणेरावळे येणार, नव्या हॉलमधी चित्र लावायचं, म्हणून साफ करायला पुण्याहून आदेशला बोलावलं. जुनी चित्रं दुरुस्त करायचा त्यानं डिप्लोमा केलेला. डिप्लोमा म्हंजे काय, तर कापसाचा बोळा थुंकीनं ओला करायचा आन् चित्र पुसायचं! मी बघितलंय की. दोन वर्षं शिकून गडी थुंकायला शिकला. पर नाक असं वर, की पाऊस पडला तर पाणी आत जावं.

चार दिवस थुंकल्यावर चित्र उजळलं. डाव्या अंगाला प्रेमचंद शेठ, बंटीचा आजा, पगडी घातलेला. उजव्या अंगाला गेणभाऊ, शेठच्या हिरड्याच्या वखारीतला हमाल, उघडाबंब. मधी बुद्धिबळाचा पट. आन् गेणभाऊच्या एका प्याद्यानं शेठच्या राजाला मात दिलेली.

आता ही प्यादेमात काय असती ते ऐका. आपल्या जुन्या देशी खेळात वजिरानं मात केली, हत्तीनं केली, तर ती नुस्ती मात. साध्या प्याद्यानं केली तर प्यादेमात. जिंकणाऱ्याला तिच्यासारखा मान न्हाई, हरणाऱ्याला तिच्यासारखी नाचक्की न्हाई. सत्तर वर्षांमागं प्रेमचंद शेठनं भर बाजारात सांगितलं व्हतं, मला प्यादेमात देणाऱ्याचं चित्र मी माझ्या घरात लावीन. पाच गावांत शेठला हरवणारा नव्हता. दिली कुणी? पोती उचलणाऱ्यानं. आन् शेठनं शब्द पाळला. पुण्याहून चितारी आणून सोत्ताची हार काढून घेतली. माणूस व्हता तो.

आदेश हे ऐकून, चित्र बघून फिदीफिदी हसला. कॉलेजात चेसचा चॅम्पियन ना! म्हणला, "मात ती मात, तिच्यात मान कसला? आणि हमालाकडून प्याद्यानं हरायचं? काय ढ असेल हा शेठ!"

तेवढ्यात लंकाबाई जिना चढून आली. गेणभाऊची लेक, ऐंशीच्या पुढची. चित्रापुढं उभी ऱ्हायली आन् म्हणली, "बाबा, धूळ पूस, काय बी कर, पर त्या प्याद्याला हात लावू नको. आमच्या बापाचा फोटू न्हाई, घर न्हाई, कुठं नाव न्हाई. तेवढं एक प्यादं हाय."

"आजी, मला माझं काम कळतं," आदेश म्हणला. मान वर करून बघितलं सुदिक न्हाई. म्हातारी बिचारी आली तशी गेली.

रात्री जेवण झाल्यावर बंटी वर आला. "राव, उद्या सगळे सोयरे येणार. आजोबा हमालाकडून हरलेले दिसायला नकोत. तेवढं प्यादं गायब करा ना."

बघा आता. ज्या आज्यानं हार भिंतीला लावली, त्याचा नातू हा! आन् आदेश? जुन्या चित्रात आपल्या पदरचं काय घालायचं न्हाई, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पर माज मोठा. "एक सोंगटी तर आहे," म्हणला.

सव्वाअकराला त्यानं बारीक कुंचला घेतला आन् प्याद्यावर पटाचा रंग चढवला. दहा मिनिटांत प्यादं गेलं. बंटी खूश व्हऊन खाली झोपायला गेला. आदेश तिथंच सतरंजीवर आडवा झाला.

टक्.

लाकडावर लाकूड ठेवल्यागत.

उठून बघितलं. प्यादं जाग्यावर.

"रंग ओघळला असेल," तो सोत्ताशीच म्हणला. शिकलेल्या माणसाजवळ कारणं लई असतात. परत रंग लावला, जाड लावला. आन् समोर बसला, टक लावून.

खाली कुत्रं भुकत व्हतं. ते गप झालं.

डोळ्याचं पातं लवलं.

टक्.

प्यादं.

पावणेएक वाजले व्हते. दुसरा असता तर पळाला असता. ह्याला राग आला! गावठी चित्र मला शिकवतं काय? पेटीतनं पातं काढलं. आता खरवडूनच टाकतो म्हणला. पोरांनो, वरनं लावलेला रंग पुसता येतो. खरवडलेलं परत येत न्हाई. लंकाबाईच्या बापाचं जगात जेवढं उरलं व्हतं, तेवढं त्या पात्याखाली व्हतं.

टोक टेकलं.

"हात काढ."

आदेशनं गेणभाऊकडं बघितलं. गेणभाऊ व्हता तसाच.

आवाज डावीकडनं आला व्हता...

शेठच्या अंगानं.

"हरलो मी. भिंतीला लावलं मी. तुला कशाची लाज रे?"

 हात हालंना. पातं प्याद्यावर तसंच.

"हरायला बी लायकी लागती. तुझी हाय?"

...

"आन् तो खाली झोपलाय तो..."

पुढं काय न्हाई. 

मग पातं हातातनं पडलं. दिवा गेला. अंधारात कापड घासल्यागत आवाज झाला... बसल्या जागी कुणी हळूच सरकावं तसा.

मग तेबी थांबलं.

सकाळी सातला मी जीप घेऊन गेलो, तर आदेश दुकानाच्या पायरीवर बसलेला, पेटी वरच टाकून. वरनं बंटीचा आरडाओरडा. पावणे येऊन हॉलमधी चित्राकडं बघत उभे. मी वर गेलो. गेणभाऊ तसाच बसलेला. प्यादं तसंच, शेठच्या राजाला भिडून. पर पगडी मागनं दिसत व्हती. प्रेमचंद शेठ घराकडं पाठ करून बसला व्हता.

बंटीनं खाली उतरून आदेशला ओढत वर आणला आन् अंगावर धावून विचारलं, "आजोबांचं तोंड कुठं गेलं?"  आदेशनं भिंग लावलं आन् लई येळ त्या पाठीवर फिरवलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. मीबी बघितलं. रंग नवा नव्हता. पाठीवर बारीक बारीक भेगा व्हत्या, आन् भेगांत सत्तर वर्षांची धूळ.