चारची लाँच

“तो डोळे मिटलेला आहे ना... ते माझे बाबा.”

मी दचकून मागे पाहिलं. आमच्या बंदरातल्या संग्रहालयात सहसा कुणी फिरकत नाही, आणि हा उन्हाने रापलेला उंच माणूस खलाशांच्या जुन्या फोटोपाशी उभा! आला होता पोस्टाचा रस्ता विचारायला. फोटोखाली मीच लिहिलं होतं — ‘नाव उपलब्ध नाही’.

“मग नाव सांगा ना,” मी पेन उघडलं.

“लगेच? आधी बसा तरी म्हणा!”

झालं! जहाजावरचा हा थर्ड ऑफिसर त्यानंतर रोज दुपारी यायला लागला. जुन्या दर्यावर्दींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणं हे माझं कामच. पण त्याच्या बाबांच्या आठवणी संपता संपेनात, आणि मलाही त्या संपवायच्या नव्हत्या. बोलताना तो टेबलावर बोटांनी ताल धरायचा... मी यंत्राकडे पाहत असल्याचं सोंग करायचे. फोन नंबर विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

पाचव्या दिवशी, बोलणं संपल्यावर, तो म्हणाला, “आज चारच्या लाँचने जहाजावर. मग नऊ महिने पाणीच पाणी.”

“बरंय की,” मी म्हणाले.

त्याच्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन निसटली होती. ती मी बसवून दिली. घड्याळ तासभर पुढे दिसलं, म्हणून तेही नीट लावलं. संग्रहालयातली सगळी घड्याळं मीच लावते, हाताला सवयच तशी. त्याने न पाहताच ते बांधलं, दारात जरा घुटमळला... “येतो,” म्हणाला आणि गेला.

मन रमेना, म्हणून मी आजचंच ध्वनिमुद्रण ऐकायला घेतलं. समोर बसून मी शब्द कुठे ऐकले होते? मी तर बोटं पाहत होते.

“...बाबांचा कप्तान निघायच्या दिवशी बंदरातच जहाजाची घड्याळं पुढे करायचा. आमचाही तसलाच! आज सकाळीच तासभर पुढे. लाँचसुद्धा जहाजाच्याच वेळेवर सुटणार...”

मी झटकन घड्याळाकडे पाहिलं. भिंतीवर पावणेतीन. म्हणजे जहाजावर पावणेचार! लाँच पंधरा मिनिटांत सुटणार, आणि तो अजून सव्वा तास आहे असं समजून खुशाल कुठेतरी बसलेला.

खरं सांगते, क्षणभर मी उठलेच नाही. मी गप्प बसले तर जहाज जाईल, त्याची नोकरी जाईल, आणि तो इथेच राहील... माझ्या शहरात. कुणाला कळणारही नाही. पण मला कळेल ना! मी चपला न घालताच धावत सुटले.

धक्क्यावर लाँच उभी होती, तो नव्हता. लाँचवाले काका दोर सोडायला वाकलेले.

“काका, दोन मिनिटं!” ओरडतच मी गोदामाला वळसा घातला. मागच्या पायरीवर स्वारी निवांत चहा पीत बसली होती.

“अरे, ऊठ! मी तुझं घड्याळ मागे केलं... चुकून! लाँच सुटतेय!”

तो पांढराफटक पडला. पिशवी उचलली, आणि आम्ही दोघंही पळालो.

“इथे काय करत होतास?”

“इथून तुमची... तुझी खिडकी दिसते,” तो धापा टाकत म्हणाला. “गप्प राहिली असतीस, तर मी राहिलोच असतो की.”

“माहितेय. म्हणून तर धावले.”

त्याने लाँचमध्ये उडी मारली. मधलं पाणी रुंदावू लागलं. माझा जीव नुसता कासावीस झाला.

“नऊ महिन्यांनी येशील?” मी ओरडले.

“कुणासाठी येऊ?”

“माझ्यासाठी! मला तू आवडतोस!”

नेमकं तेव्हाच इंजिन घरघरलं. त्याने कानामागे हात धरला, चेहरा अगदी रडवेला. काकांनी इंजिन बंद केलं.

“ताई, पुन्हा सांगा,” ते ओरडले, “साहेबांना ऐकू आलं नाही!”

अख्खा धक्का माझ्याकडे पाहत होता. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.