सत्तावीसच्या पुढे अठ्ठावीस

डोळे पुरते जाण्याआधी वोबेला एकदा ढगांच्या वर जायचं होतं, तेही स्वतःच्या सायकलवरून. आमच्या मोहिमेचा उद्देश एवढाच होता.

वोबे चाळीस वर्षं आमच्या गावच्या कालव्यावर पूल उघडायच्या नोकरीत होता. शिडाची बोट आली की घंटा वाजवायची, रस्ता अडवायचा, पूल उचलायचा. बोट गेली की पूल खाली. "जन्मभर पूल वर केला, मी मात्र खालीच," असं तो म्हणायचा. ते खरंही होतं. लोक ज्याला सरसकट हॉलंड म्हणतात त्या देशातल्या फ्रीसलंड प्रांतातलं आमचं गाव समुद्रापेक्षा दीड हात खाली आहे. आमच्याकडे चढ नाही. वारा हाच आमचा डोंगर.

त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग पडला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं, की पुढच्या हिवाळ्यापर्यंत सायकल सोडावी लागेल. आमच्यातल्या माणसाला सायकल सोड म्हणणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक असावं. सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते म्हणे.

"जानेवारीत ला पाल्मा बेटावर जायचं," वोबेची बायको यिके म्हणाली. ती पोहण्याची शिक्षिका होती, त्यामुळे घरातही तलावाच्या दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असं बोलते. "तिथे ऊब आहे, डोंगर आहे आणि डोंगराच्या कमरेला ढग आहेत. हिल्के, तू वाट दाखवायची."

"मी?"

"मग काय, हा दाखवणार?"

मी वोबेचा जुना मित्र, ग्रंथालयात पुस्तकं लावणारा माणूस. नकाशा वाचता येणं आणि वाट दाखवता येणं यात फार अंतर आहे, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

सायकल विमानात न्यायची म्हणजे आधी तिचं हँडल वळवायचं, चाकांतली हवा सोडायची, पॅडल काढायची आणि तिला खोक्यात निजवायचं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे मी निदान चार पुस्तकांत वाचलं होतं. तरीही पाना भलत्याच बाजूला फिरवून मी ते इतकं घट्ट केलं, की शेवटी यिकेला पान्यावर उभं राहावं लागलं.

"हा आपला वाटाड्या!" वोबे हसत म्हणाला. बाहेर गारठलेला पाऊस तिरका पडत होता आणि कालव्यावर बर्फाची पातळ साय धरली होती.

विमानात वोबेला खिडकीजवळची जागा मिळाली. ढग जवळ आल्याचं मी सांगताच त्याने झडप खाली ओढली.

"अरे, ढगच बघायला निघालोय ना आपण?"

"फुकटात नाही बघायचे," तो म्हणाला. "सायकलवरून गेलो तर बघणार. नाहीतर नाही." चार तास ती झडप बंदच राहिली.

बेटावर ऊब होती, काळी वाळू होती, मीठ धरलेले सुरकुतलेले बटाटे होते. आमच्या खानावळीतले बाकीचे पाहुणे दिवसभर उन्हात पडून भाजून निघत. आम्ही तिघं रोज सकाळी डोंगराकडे तोंड करून बसायचो. पाच दिवस वर पाऊस कोसळत होता. सहाव्या दिवशी तो थांबला. सातव्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं.

म्हणजे सहावा दिवस एवढाच काय तो आमचा!

सकाळी आठला निघालो. पुढे मी, माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजरेची कड ठेवून वोबे, शेवटी यिके. केळीच्या बागा संपल्या, चेस्टनटची झाडं आली, मग शेवाळाने मढलेलं जुनं जंगल सुरू झालं. रस्ता इतका उभा, की सर्वांत हलक्या गिअरमध्येही गुडघे कुरकुरायला लागले. दर अर्ध्या तासाने थांबून आम्ही मनुकांचा पाव खायचो आणि खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या चघळायचो.

"वारा नसताना इतकं जड कसं जातं रे?" वोबेने विचारलं.

"यालाच चढ म्हणतात," यिके मागून ओरडली.

हजार मीटरच्या आसपास आम्ही ढगात शिरलो. झाडं विरघळली. आवाज विरघळले. पापण्यांवर पाणी साचू लागलं. माझ्या हिशेबाने चौदाशे मीटरवर ढग संपून पाइनचं रान आणि ऊन लागायला हवं होतं. आणि मग तो फाटा आला.

कच्च्या रस्त्याला दोन वाटा फुटलेल्या. फोनला रेंज नाही. कागदी नकाशात दोन्ही वाटा एकसारख्याच बारीक. मी गोंधळून उभा राहिलो, आणि तेवढ्यात उजव्या वाटेच्या कडेने जाणाऱ्या पाटाच्या फरशीवर मला पांढऱ्या गोलात हिरवा आकडा दिसला. सत्तावीस!

आमच्या देशात सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्यावर असाच खांब असतो. पांढरा गोल, हिरवा आकडा. निघताना आकडे चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवायचे आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जात राहायचं. वीस वर्षं मी तसाच फिरलोय. गोल दिसला की हँडल आपोआप वळतं. डोकं लागत नाही. परदेशातल्या जंगलात ही खूण कुणी आणि कशासाठी केली असेल, हा प्रश्न मला सुचलासुद्धा नाही. जीव भांड्यात पडला, एवढंच.

"सत्तावीस!" मी आनंदाने ओरडलो. "उजवीकडे!"

थोड्या वेळाने अठ्ठावीस आला. मग एकोणतीस. वाट अरुंद झाली आणि डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या त्या पाटावरूनच जाऊ लागली. पाटावर सिमेंटच्या फरश्या, त्यांच्याखाली वाहतं पाणी. डावीकडे ओला कडा. उजवीकडे नुसतं पांढरं; ते किती खोल होतं ते धुक्यालाच ठाऊक. आम्ही उतरून सायकली ढकलू लागलो. छत्तिसाव्या आकड्यापाशी पाट एका बोगद्यात शिरला.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे आकडे असे ओळीने कधी येत नाहीत. बाराच्या पुढे चौऱ्याहत्तर असतो, चौऱ्याहत्तरच्या पुढे नऊ. ओळीने आलेले आकडे म्हणजे कुणीतरी काहीतरी मोजत गेलं आहे. पण हे बोलायचं म्हणजे आपण दोन तास चुकलो असं कबूल करायचं. पॅडलचा विनोद ताजा होता. मी दिवा लावला आणि मान खाली घालून बोगद्यात शिरलो.

पलीकडे चाळीस दिसला. मग एक्केचाळीस.

"एक्केचाळीस!" मी म्हणालो, आणि मागे कडाड् असा आवाज झाला.

फरशी फुटली होती! वोबेचा पाय गुडघ्यापर्यंत पाटात गेला. तो उजवीकडे कलला. सायकल त्याच्या आधी कलली. पुढचं चाक काठावरून घसरलं. मागचं चाक गेलं. वोबे पालथा पडला, छाती काठावर, दोन्ही हात खाली. हातांत हँडल. हँडलखाली सामानासकट अठरा किलोंची सायकल, हवेत!

"सोड ती!" यिके त्याच्या कमरेला मिठी मारून किंचाळली. "वोबे, सोड!"

"नाही!"

"अरे ओढून नेईल तुला!"

"नेऊ दे!"

तो इंचाइंचाने पुढे सरकत होता.  माझ्या पिशवीत तीन जादा ट्यूब होत्या, आणि पुस्तकांचे गठ्ठे बांधण्यात माझं आयुष्य गेलंय; गाठ तेवढी मला येते. ट्यूबला ट्यूब, तिला तिसरी. एक टोक कड्यातून निघालेल्या झाडाच्या बुंध्याला. दुसरं टोक घेऊन मी काठावर पोटावर झोपलो. खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर हे लिहायला राहिलो नसतो. वोबेच्या हातांमधून हात घालून ट्यूब सायकलच्या दांड्याखालून ओवली आणि गाठ मारली.

"आता सोड. गाठ माझी आहे."

त्याने सोडली. रबर ताणलं, करकरलं, आणि थांबलं. सायकल लोंबकळत राहिली. गाठ सुटली नाही!

तिघांनी मिळून ती वर घेतली तेव्हा गिअरचा सांगाडा वाकून चाकात अडकला होता. वोबेचा घोटा भराभर सुजत होता. धुक्याने आणि पाटाच्या पाण्याने तो चिंब भिजला होता, दात वाजत होते. पण मान वाकडी करून तो वरच बघत होता.

"हिल्के, वर बघ. पांढरं होतंय ना? मला कडेने दिसतंय."

खरंच होतं. डोक्यावरचं धुकं पातळ होऊन दुधासारखं उजळलं होतं. वर कुठेतरी ऊन होतं.

"किती राहिलं?"

"उंची म्हणशील तर शंभर-दीडशे मीटर."

"मग चल ना."

घड्याळात पावणेचार वाजले होते. अंधाराला अडीच तास. मी पुढे बघितलं. बेचाळीस दिसत नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"उद्या विमान आहे, हिल्के."

"माहीत आहे."

"आणि पुढच्या हिवाळ्यात मी..."

"तेही माहीत आहे. पण नाही. मागे फिरायचं."

माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. यिके माझ्याकडे बघत राहिली; तिने मला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून मी उरलेलंही सांगून टाकलं. हे आपल्याकडचे आकडे नाहीत. वाट चुकली आहे. बोगद्याच्या आधीच मला कळलं होतं, आणि लाजेपायी मी गप्प राहिलो.

वोबेने सुजलेल्या घोट्यावरून हात फिरवला.

"मला अठ्ठाविसालाच कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. "आपल्याकडे सत्तावीसच्या पुढे अठ्ठावीस कधी येतो का?"

"मग बोलला का नाहीस?"

"वाट वर जात होती ना."

यिकेने आधी त्याला, मग मला नीट न्याहाळलं. "दोन म्हातारे," ती म्हणाली, "आणि दोघांत मिळून अर्धी अक्कल." मग आपलं पिवळं जाकीट काढून तिने ते वोबेला घातलं आणि स्वतः वळून चालू लागली.

परतताना वोबेचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा यिकेच्या सायकलवर; तिला काठीसारखं टेकत तो माझ्या मागून लंगडत होता. मोडकी सायकल यिकेने घेतली होती. मागचं चाक उचलून धरून ती ढकलत होती. मी एकेक आकडा मोठ्याने म्हणत होतो, आणि प्रत्येक आकड्यापाशी वोबे हातातल्या हँडलवरची घंटी वाजवायचा, पुलावर वाजवायचा तशी. चाळीस, ट्रिंग. एकोणचाळीस, ट्रिंग. बोगद्यात तो आवाज कितीतरी पुढे जाऊन परत यायचा. तेहतिसापाशी वर बघितलं तर उजेड विझला होता. 

सत्ताविसापाशी एक माणूस उभा होता. हातात रंगाचा डबा, तोंडात विझलेली विडी. त्या पाटाचा पाटकरी, एलादियो त्याचं नाव. घंटीचा आवाज ऐकून थांबला होता. यिकेने संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकलेलं, तिने सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत गेला तसतसे त्याचे डोळे मोठे झाले.

"कसे गेलात म्हणता? आकड्यांवरून?"

"आकड्यांवरून."

"बाई, जिथली फरशी तडकलीय तिथे मी आकडा टाकतो. दुरुस्तीसाठी. सव्वीसपर्यंतच्या झाल्या, पुढच्या राहिल्यात." त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे तुम्ही माझ्या पंधरा मोडक्या फरश्यांवरून ओळीने चालत गेलात. एकही न चुकवता!"

"आणि एक्केचाळीसच्या पुढे काय आहे?" मी यिकेकडून विचारून घेतलं.

"काही नाही. डिसेंबरात दरडीबरोबर पाट खाली गेला. नुसती हवा आहे." मग त्याने आमच्याकडे वळून विचारलं, "हॉलंडचे का?"

"फ्रीसलंडचे," वोबे म्हणाला. घोटा भोपळ्यासारखा झाला असला तरी तेवढं त्याने दुरुस्त केलंच.

एलादियोने आम्हाला सायकलींसकट आपल्या छोट्या टेम्पोत घालून खाली आणलं. त्या संध्याकाळी आम्ही सायकली खोक्यांत भरल्या. डावं पॅडल मी पहिल्याच झटक्यात काढलं.

दुसऱ्या दिवशी विमानात वोबे खिडकीजवळ, मी मध्ये, यिके पलीकडे. वोबेचा पाय बँडेजात. त्याने बसल्याबसल्या झडप खाली ओढली. रात्रभर मी स्वतःला विचारत होतो: अजून दहा पावलं गेलो असतो तर? पुढे हवा होती हे आता माहीत आहे. तेव्हा कुठे माहीत होतं?

विमानाने उड्डाण केलं, थरथरत ढगात शिरलं, मग शांत झालं. हवाई सुंदरी पाणी घेऊन आली.

"बाई, एक विचारू?" वोबे म्हणाला. "माझी सायकल नक्की कुठे ठेवलीय?"

"खाली, सामानात."

"खाली म्हणजे कुठे खाली?"

तिने रांगांकडे बघून अंदाज घेतला. "साधारण तुमच्या जागेच्या खालीच असेल."

"सरळ खाली?"

"सरळ खाली."

ती पुढे गेली. वोबे जरा वेळ विचार करत बसला. यिके मान पुढे काढून बघू लागली.

"म्हणजे सायकल माझ्या खाली आहे," तो सावकाश म्हणाला. "आणि मी सायकलच्या वर आहे. ही सायकलस्वारीच झाली की नाही? तू वाचलेला माणूस आहेस, तू सांग."

मी पुष्कळ विचार केला. आयुष्यात इतका विचार मी क्वचितच केला असेल.

"झाली," मी म्हणालो.

त्याने झडप वर केली. पांढरं, ऊन खाणारं, क्षितिजापर्यंत पसरलेलं! समोर बघितलं असतं तर त्याला तो करडा डागच दिसला असता. म्हणून त्याने तोंड माझ्याकडे वळवलं आणि डोळ्यांच्या कडेतून ते सगळं बघत राहिला.

"हलू नकोस," तो मला म्हणाला.

मी हललो नाही. फक्त एकदा नजर खाली गेली. समोरच्या खुर्चीखाली त्याचा चांगला पाय सावकाश गोल फिरत होता. बँडेजातला थांबलेला; एकाच पायाने तो पॅडल मारत होता.