दहाव्याचा फोटो

धाऊ छपरावर होता. पावसाआधी कौलं परतायची म्हणून त्याला बोलावलं होतं आणि मी खालून एकेक कौल त्याच्या हातात देत होतो. दोन हजार सहाचा मे महिना, शाळेला सुट्टी. आत फोन वाजला. बायकोनं, वत्सलेनं उचलला. मग दारात येऊन म्हणाली, "अहो, भातसानगरहून आहे. आपल्या नम्रताचं..."

नम्रता आमची एकुलती मुलगी. माझ्या बहिणीकडे, ठकीकडे राहायला गेली होती. कालव्याच्या काठावर पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं. आम्हीही तेच धरून चाललो.

ती तिथं का गेली होती, ते सांगायला हवं. माघात सुपारी फुटून तिचं लग्न ठरलं होतं. पंधरा दिवसांनी मुलाचा मामा आला आणि ओट्यावर चार कागद ठेवून गेला. इंटरनेटवर कुणीतरी तिच्या नावाचं पान उघडलं होतं. फोटो तिचाच, मैत्रिणीच्या हळदीतला. खालचा मजकूर मला वाचवला नाही. लग्न मोडलं. त्या कागदांच्या झेरॉक्स मुरबाडच्या बाजारापर्यंत पोचल्या.

"बाबा, ते माझं नाय," ती म्हणाली. "तुमी मास्तर. तुमचं लोक ऐकतात. एकदा चार माणसांत सांगा ना."

"बोलल्यानं वाढतं," मी म्हणालो. "गप्प राहा. लोक विसरतात." आणि तिला थोडे दिवस ठकीकडे पाठवून दिलं.

दहावा काळू नदीवर झाला. पिंड ठेवून आम्ही मागे सरलो. कावळा समोरच्या झाडावर होता, पण खाली येईना. ऊन चढलं. भाताला आंबूस वास यायला लागला.

"आता कावळेपण पास काढून कल्याणला जातात कामाला," माझा मेव्हणा कमळू हळूच म्हणाला. दोघं-तिघं हसले.

धाऊ हसला नाही. "मास्तर, तिच्या मनात काय ऱ्हायलंय ते तुमालाच ठावं. बोला. मंग शिवंल."

मला ठाऊक होतं. मागे सगळं गाव उभं होतं. मी हात जोडले, तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आले... आणि मी पुटपुटलो, "ते पान काढून टाकीन, पोरी."

कावळा खाली आला. पिंडाजवळ दोन पावलं चालला, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तेराव्यानंतर मी शहापूरला ओमकारच्या सायबर कॅफेत गेलो. माझा जुना विद्यार्थी. दुपारची वेळ, तापलेल्या मशीनचा आणि धुळीचा वास. त्यानं पान उघडलं आणि त्याचा हात थांबला.

"सर... हा दहाव्याचा फोटो ना?"

हळदीतला फोटो तिथं नव्हता. नदीकाठ होता. पुढे पिंड, त्यामागे हात जोडलेला मी, तोंड अर्धवट उघडं. माझ्यामागे चारच माणसं होती : धाऊ, कमळू, ठकी आणि वत्सला. बाकी गाव चौकटीबाहेर राहिलं होतं. फोटो नदीच्या बाजूनं घेतलेला, पाण्याला अगदी लागून. तिथं डोह आहे. तिथं कुणाचे पाय टेकत नाहीत. आणि त्या दिवशी काठावर कॅमेरा कुणाकडेच नव्हता.

खालचा घाणेरडा मजकूरही गेला होता. एकच ओळ होती. बाबा, सांगा ना.

"कुणी टाकला?"

"ते दिसत नाय, सर."

ओमकारनं तक्रार पाठवली. पान बंद झालं. महिन्यानं पुन्हा तिथंच होतं, त्याच फोटोसकट. आणखी दोनदा तसंच झालं. मग आम्ही नाद सोडला. मी अधूनमधून जाऊन बघत राहिलो.

पुढच्या वर्षी एकदा फोटोत धाऊ नव्हता. त्याच्या जागी नुसती वाळू. घाबरून घरी आलो, तर तो ओट्यावर बिडी ओढत बसलेला.

"काय मास्तर, भूत बघितल्यागत काय बघता?"

वाटलं, निदान याला तरी आत्ता सांगून टाकावं. मी आत चहा सांगितला आणि पावसाच्या गोष्टी काढल्या. पंधरा दिवसांनी धाऊ गेला. त्यानंतर कमळू, मग ठकी. आधी फोटोतून, मग घरातून.

तुम्ही बाहेरगावचे, आणि लाईट यायला अजून अवकाश आहे, म्हणून कंदिलापाशी बसून एवढं बोललो. परवाच शहापूरला जाऊन आलो. माझ्यामागे आता वत्सला एकटी आहे. तिचा चेहरा दिसत नाही, पदर तेवढा दिसतो. ऐका... आत भांडी लावते आहे ती.

ते पान नम्रताचं नव्हतं. हे मी गावात अजून कुणालाही सांगितलेलं नाही. वत्सलेलाही नाही.