खरवडायची राहिलेली काहील

तापमानाच्या फळ्यावर एकशे अठराचा आकडा उमटला आणि बळवंत चौगले म्हणाला, "उतरा."

चौघांनी दांडे लावून काहील उचलली आणि उकळता पाक निवायला वाफ्यात ओतला. गूळ चांगला झाला. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या गुऱ्हाळात गेल्या चौदा महिन्यांत एकही आधण बिघडलं नव्हतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बळवंत गुळव्या फळ्याकडे पाठ करून उभा राहायचा, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळायचा आणि फळा काही का म्हणेना, कधी अर्धं मिनिट आधी, कधी नंतर हाळी द्यायचा. दहातलं एखादं आधण हातचं जायचंही. उरलेल्या नवांसाठी लोक तीन गावं ओलांडून ऊस आणायचे. आता ते येत नव्हते. आकडा पाहून गूळ उतरवायला गुळव्या कशाला लागतो?

बाहेर बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर उसाच्या मोळ्या टाकून निघून गेला. बळवंतनं वाफ्यातून सुपारीएवढा गूळ उचलला आणि शालनसमोर येऊन उभा राहिला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. मोसमातल्या प्रत्येक दिवशी पहिल्या आधणातला गूळ तो तिच्या तळव्यावर ठेवायचा. फुंकर घालून, नेमका सोसेल एवढा निववून. हे त्याला आठवत होतं. त्याला सगळंच आठवत होतं.

"किती अंशावर देऊ?" त्यानं विचारलं. "पंचेचाळीस?"

शालननं हात पुढे केला आणि

*

बळवंतच्या मेंदूत गाठ होती. ती काढायची तर तिच्याभोवतीचा जो भाग जाणार होता, त्याच भागामुळे माणसाला कमी-जास्त कळतं. ऊन कोवळं की कडक, हात जवळ की फार जवळ, बोलणं हसून घ्यायचं की लावून. डॉक्टर म्हणाले, पूर्णांक राहतील, दशांश जातील. म्हणून ऑपरेशनआधी अकरा दिवस बळवंत डोक्याला तारांची टोपी घालून नेहमीसारखा वागला: गूळ उतरवला, जाळ घालणाऱ्या सदूला शिव्या दिल्या, शालनच्या शेजारी बसून जेवला. ते सगळं दशांशांत नोंदलं गेलं. मग गाठ काढली आणि कानामागे तांदळाएवढा दुवा बसवला. दुव्याची आकडेमोड तालुक्याच्या केंद्रातली एक पेटी करायची. बळवंत घरी आला. दशांश आले नाहीत.

*

आणि मागे घेतला. "राहू द्या."

"बरं," बळवंत म्हणाला आणि गूळ परत वाफ्यात टाकून कामाला लागला. त्याला वाईट वाटलं नाही. तेच तिला सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. पेटी सांभाळणारी नाझनीन मुजावर मिरजेची. वयानं शालनच्या थोरल्या लेकीएवढी.

"काकू, काकांचं सगळं जतन आहे बघा," नाझनीन म्हणाली. "एक दशांश हरवलेला नाही."

"मग घरी का येत न्हाई?"

"त्यांनी मागितला नाही म्हणून."

 नाझनीननं खुर्ची पुढे ओढली.

"असं बघा. ही पेटी दोन माणसांची कामं करते. काका आणि आणखी एक पेशंट. दशांश मांडायचे कप्पे मात्र एकच संच. दोघांनी पाळीपाळीनं वापरायचे, सेकंदाला हजारदा पाळी बदलते. दर वेळी एकाचे दशांश उचलून नीट ठेवायचे, दुसऱ्याचे मांडायचे, ह्यात फार वीज जाते. मग पेटीचा गाभा, म्हणजे पाळ्या लावणारा मुकादमच समजा, जरा आळस करतो. पाळी बदलली तरी कप्प्यांना हात लावत नाही. पुढच्यानं दशांश मागितला तरच उचल-मांड करतो."

"आळशी सुनेसारखं. भांडं लागलं तरच घासायचं."

"अगदी तसंच!" नाझनीन हसली. "आणि काका कधी मागतच नाहीत. गुऱ्हाळात फळा आकडा सांगतो, बाकीचं मनगटावरचं घड्याळ सांगतं. त्यांचं पूर्णांकावर भागतंय."

"मग तूच भर की हितनं."

"मेंदू घेत नाही, काकू. एकाला भरून बघितलं होतं, आठ दिवस ओकत होता. माणसानं स्वतःहून मागितलं की लगेच घेतो."

शालननं पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "म्हंजे आकडा काढून घ्यायचा."

"मी तसं काही म्हटलं नाही हं," नाझनीन म्हणाली.

*

गुरुवारी काहिलीत शालनच्या स्वतःच्या उसाचा रस होता. रस तापला, मळी निघाली, पाक पिवळा होत आला, तेव्हा तिनं फळ्यावर पोतं टाकलं. बळवंतच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून पदराला बांधलं.

"मामी, आधण जाईल की!" चुलवाणात चिपाड सारणारा सदू ओरडला.

"जाऊ दे. ऊस माझा हाय. तू जाळ बघ."

बळवंत पोत्याकडे बघत होता. "आकडा कुठाय?"

"न्हाई."

"मग कळायचं कसं?"

"तुम्हाला कळतंय."

"मला कळत न्हाई, शालन. मी आकडा वाचतो."

पाकाचे बुडबुडे मोठे झाले, मग आळसावले. वास बदलला. सदूनं जाळ ओढायला हात घातला आणि मान वर करून वाट बघत राहिला. चौघे दांडे घेऊन उभे. बळवंतचे डोळे पोत्यावरून काहिलीवर, काहिलीवरून शालनवर, पुन्हा पोत्यावर. जत्रेत हरवलेलं माणूस घरच्यांना शोधताना असं बघतं. शालनला वाटलं, पोतं ओढून काढावं, बास झालं. तिनं पदरातलं घड्याळ मुठीत आवळलं. बळवंतनं पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटं बुडवली आणि

*

तालुक्याच्या केंद्रात, पेटीच्या आत, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात एक दार अडलं. बळवंत चौगले दशांश मागत होता. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. गाभ्यानं आपली नोंद पाहिली: कप्प्यांचा शेवटचा मालक कोण? नोंदीत नाव होतं, चौगले. म्हणजे कप्प्यांत आहे ते चौगल्यांचंच. काही उचलायला नको, काही मांडायला नको.

गाभ्यानं दार उघडलं.

*

आणि गोळी वळली.

"थांबा," बळवंत म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "अजून न्हाई. अजून... जरासं..." सगळं गुऱ्हाळ श्वास धरून उभं. "आता! उतरा, उतरा!"

पाक वाफ्यात पडला. सदूनं पोतं ओढून उतरवतानाचा आकडा बघितला आणि खदखदून हसला. "मामा, दोन अंश चुकलं की!"

"चुकू दे, गाढवा," बळवंत म्हणाला. चौदा महिन्यांत त्यानं कोणाला गाढव म्हटलं नव्हतं. 

त्यानं गूळ उचलला, फुंकर घातली, पुन्हा घातली, मग स्वतःच्या ओठाला लावून पाहिला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. कोमट. फार कोमट.

ती दुपार शालनला पुरली नाही. बळवंत तिच्याशेजारी बांधावर बसला. तिच्या कपाळावर आलेले केस त्यानं कानामागे सारले. उन्हाकडे बघून म्हणाला, कसलं मऊ पडलंय गं. चहा पिताना डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड हाय." आणि पुन्हा म्हणाला. मग तिच्या पाठीवर हात ठेवून हळूहळू थोपटत राहिला, तीन बोटांनी, एका लयीत.

शालननं ते थोपटणं अंगात मुरू दिलं. चौदा महिने ती ह्यासाठीच झुरली होती. पण ती एकतीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहिली होती. बळवंतनं गूळ कधी ओठाला लावून बघितला नव्हता. त्याला बोटांनीच कळायचं. आणि बळवंत कधी थोपटत नसे. त्याची माया हात राखून असायची, चिमटीनं मीठ घालावं तशी. ही माया ओंजळीनं येत होती. आणि असं तीन बोटांनी माणूस कोणाला थोपटतो, ते दोन लेकी वाढवलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

माणूस बदलतो, तिनं स्वतःला सांगितलं. मरणाच्या दारातून आलाय. चहाचा दुसरा कप होईपर्यंत तिनं ते स्वतःला चारदा सांगितलं. मग नाझनीनला फोन लावला.

"नाझनीन, ती दुसरी पेशंट, बाई हाय न्हवं?"

"नावगाव सांगता येत नाही, काकू. पण तुम्हाला कसं—"

"थोपटतंय हे माणूस मला. झोपवल्यासारखं."

पलीकडे बराच वेळ नुसती बोटांची टकटक. मग नाझनीनचा आवाज आला, अगदी लहान. "चूक माझी आहे. काका मागत नव्हते, त्या मात्र सारख्या मागायच्या. मग मी त्यांचे दशांश कप्प्यांत कायमचेच ठेवले. तेवढीच वीज वाचते म्हणून. पण शेवटचा मालक म्हणून पहिल्या चाचणीतलं काकांचं नाव तसंच राहिलं होतं. ते पुसलंच नाही."

"म्हंजे तिचं सगळं ह्यांच्याकडं आलं."

"हो. काका ते वापरतायत, आणि वापरता वापरता बदलतंय. तिच्या घरून दुपारपासून तीन फोन आले. चार वर्षांची मुलगी आहे. रडतेय. आई जवळ घेते, पण—"

"पण मोजून घेती," शालन म्हणाली.

"हो."

बळवंत ऐकत होता. "कुणाचं हाय हे?"

काय सांगावं, ते तिला शोधावं लागलं नाही. गुळव्याला सांगायचं होतं. "काहील खरवडायची राहिली. आधीच्या आधणाचा रस तुमच्यात आलाय."

बळवंतनं आपला दुसरा हात पुढे धरून उलटा-सुलटा पाहिला. "तरीच. एवढी गोडी माझ्या रसाला कधी नव्हती." मग म्हणाला, "तिचं पोर हाय?"

"चार वर्षांचं."

"मग खरवडायला सांग." त्याचे डोळे भरून आले होते. "दुसऱ्याचा रस मी कधी कुणाच्या आधणात जाऊ दिला न्हाई."

"आणि तुमचं आलंच न्हाई तर?"

"ते मी कसं सांगू? मला आत्ता लई भीती वाटतीय. पण तीबी तिचीच असंल."

फोनमधून नाझनीन म्हणाली, "काकू, तिचं पहाटेपर्यंतचं जतन आहे, ते तिला मांडते. काकांची नोंद नीट करते. पुढे त्यांनी मागितलं तर त्यांचंच येईल, चौदा महिन्यांपूर्वीचं. पण मागायला लागेल. त्यांनीच. तुम्ही मध्ये काही करायचं नाही. करू?"

शालननं बळवंतकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, ओंजळीनं. कोणाची का असेना, ती नजर तिच्यावर होती. ती एक श्वास थांबली. आणखी एक थांबली. कुठल्याशा घरात एक मूल रडत होतं.

"कर," ती म्हणाली.

पाठीवरची तीन बोटं थांबली. बळवंतनं हात काढून मांडीवर ठेवला. त्याचा चेहरा पाण्यासारखा सपाट झाला. फळा लांब होता. घड्याळ तिच्या पदराला होतं. सदू चिपाडाचा भारा घेऊन चालला होता, तो जागच्या जागी उभा राहिला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग बळवंतचा हात मांडीवरून उठला. तिच्या खांद्याच्या दिशेनं निघाला आणि मध्येच अडला, वीतभर अलीकडे. बोटं किंचित हलली. वीतभरच तर होतं. शालन जरा सरकली असती तर संपलं असतं. ती सरकली नाही; मागायचं त्यानंच होतं. श्वाससुद्धा तिनं त्या बाजूला सोडला नाही.

एवढंसं अंतर, पण त्याला ते आत्ता केवढं वाटत असेल?