सत्कार संपेपर्यंत

रिकामी खुर्ची एकच होती आणि तिच्यावर दोघांचे हात एकदमच पडले.

"बसा तुमी," तो म्हणाला. "मी उभा राहतो... इथनं चांगलं दिसतंय."

"काय दिसतंय? स्टेज तर तिकडं आहे!"

"मी कुठं स्टेज म्हनलो?"

सावेडीची स्नेहल जामखेडला मामेबहिणीच्या लग्नाला आली होती, असलं काही ऐकायला नव्हे. पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोला? हा अंगद, नवरदेवाचा मित्र. त्याने कुठून तरी दुसरी खुर्ची पैदा केली आणि गप्पा रंगल्या. मुहूर्त जवळ आला तसा तो "आलोच" म्हणत मंडपामागे गेला आणि शर्ट खोचत परत आला.

आता आमच्याकडे मुहूर्त असतो तो पत्रिकेत छापण्यापुरता. पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, आणि पुढारी आले की सत्कार. फेटा, शाल, नारळ, भाषण. मग राहून गेलेल्यांचा रुसवा, की पुन्हा फेटा! जेवणाच्या पंगती या सगळ्याच्या पलीकडे.

अंगद हळूहळू गप्प झाला. मग एकाएकी खेकसला, "दात काय काढताय?"

स्नेहलचं हसू ओठांवरच विरलं. मघाशी गोड बोलणारा हाच का? तोंड फिरवावं म्हटलं, तर त्याने तिचा हात धरला. चेहरा घामाने निथळत होता, बोटं थरथरत होती.

"स्नेहल... माझ्याशी... लगीन कर..." जीभ जड झाली होती.

रागवावं की लाजावं, तिला काहीच कळेना.

"उठ तिथनं!" मागून तिचे रामहरीमामा ओरडले. "पिलंय ते! मंडपामागं जाताना बघितलंय मी."

एवढा आवडला, आणि हा असा? पण दारूचा वास नव्हता. त्याचा तळहात तर गार पडला होता.

"अंगद, तुम्ही प्यायलात?"

त्याने नकारार्थी मान हलवली, पोटावर हात ठेवला. "सुई... इन्सुलिन... जेवन न्हाई... साखर द्या..."

"शुगर हाय व्हय त्याला?" मामा दचकले. "मग साखर काय देती? मारती का पोराला?"

स्नेहल क्षणभर गोंधळली. शुगरवाल्याला साखर? पण मागत तर तोच होता... आणि डोक्यात लख्ख झालं. जेवणाच्या भरवशावर याने सुई घेतली आणि जेवण सत्कारात अडकलं!

"मामा, सुईनं साखर पार खाली गेलीय त्याची!"

ती तडक स्टेजवर चढली आणि भाषण करणाऱ्या पुढाऱ्यासमोरची कोल्ड्रिंकची बाटली उचलून आली. "सरळ बसा. गिळता येतंय ना? हळू... घोट घोट."

थोड्या वेळाने त्याची थरथर थांबली. तोवर मामा आचाऱ्याशी भांडून वरणभाताचं ताट घेऊन आले होते. "चुकलं लेकरा," एवढंच म्हणाले.

अंगद खाली मान घालून जेवला. "लहानपनापासनं हाय मला. सांगितलं की मानसं लांब सरकत्यात... म्हनून लपवतो." मग घाबरत विचारलं, "मी वंगाळ काय बोललो का?"

"आठवत नाही?"

"न्हाई..."

तिला उगाच रडू आलं. म्हणजे ते सगळं आजाराचं बडबडणं? "लग्न कर म्हणालात," ती फटकन बोलली. "खरं सांगा... ते तुम्ही बोललात, की उतरलेली साखर?"

त्याने खिशातून शुगर तपासायचं यंत्र काढलं. सगळ्यांदेखत, न लपवता बोटाला सुई टोचली आणि आकडा तिच्यासमोर धरला.

"आता ठीक हाय?"

"हो..."

"मंग आता शुद्धीत सांगतो. बोललो मीच, साखरेनं नुसतं तोंड उघडलं. लगीन राहू द्या... आधी एकदा सावेडीला भेटायला येऊ का?"

तिकडे एकदाची मंगलाष्टकं सुरू झाली. स्नेहलने डोळे पुसले.

"ये," ती म्हणाली. "पण वेळेवर जेवून ये रे."