वाटेवरच्या चपला

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे.

दोन वर्षांपूर्वीचा २६ जानेवारी. वैशाखरे गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक स्मृती उद्यान आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या मोठ्या नेत्याचं. त्यांचं नाव घेत नाही, त्यांचा यात काही दोष नाही.

रात्र नव्हती, अंधारही नव्हता. दुपारचे साडेबारा वाजले होते.

त्याआधी एक सांगतो. आमच्या वाडीत माणूस गेला की त्याच्या नावाचा चपटा दगड घडवून मोहाच्या झाडाखाली उभा करतात. त्याला चिरा म्हणतात. वर चंद्र-सूर्य, खाली माणूस. आमच्या आजोबांच्या चिऱ्यावर माणसाच्या हातात काठीही होती, कारण ते लंगडत चालायचे. दिवाळीला चिऱ्याला शेंदूर लावायचा, नव्या भाताचे दाणे ठेवायचे.

उद्यान झालं त्या वर्षी मोहाखालचे दहा चिरे गायब झाले. हिरीमावशीनं रान पालथं घातलं, कुणी सांगितलं म्हणून पार तानसा धरणापर्यंत जाऊन आली. शेवटी दिवाळीला तिनं आजोबांच्या रिकाम्या खड्ड्यातच हळद लावलेले सात दाणे ठेवले. ठेवताना चोराला शिव्या घालत होती.

तिचा भाऊ अनंता शेजारीच उभा होता. मान खाली घालून.

अनंतामामा गवंडी. उद्यानातली पुतळ्याकडे जाणारी वाट त्यानंच बांधली. भावाचं काम बघायला मावशी किती दिवस मागे लागली होती, पण तो टाळायचा. त्या दिवशी तिनं त्याला ओढतच नेलं.

आत गर्दी होती. भोंग्यावर देशभक्तीची गाणी चालू होती. मामा वाटेवर पाय ठेवेना, हिरवळीतून चालू लागला. रखवालदार आदेशनं शिट्टी मारली, तरी मामा वाटेवर येईना.

मावशी हसली. एकटीच वाटेनं निघाली.

मध्यावर आली...

भोंगा बंद पडला. पोरांचा गलकाही थांबला.

मग खालून आवाज आला.

ठक...

ती थांबली.

ठक...

फरशीच्या खालून. काठी टेकवल्यासारखा.

तिनं पाऊल उचललं. पाय वर आला, चप्पल आली नाही. दुसरीही नाही. तळपायाला फरशी लागली. भर उन्हात... गार.

तिनं खाली पाहिलं. तिच्या मागे-पुढे चपलाच चपला. सँडल, बूट, लहान पोरांच्या स्लिपर. सगळ्यांची तोंडं वाडीकडे.

पुढे माणसं अनवाणी चालत होती. एकालाही पत्ता नव्हता.

चौथऱ्याशी पाटी होती, ‘पादत्राणे काढून वर यावे’. पुतळ्यापाशी चपला काढायच्या आणि आमच्या माणसांवरून त्या घालून जायचं!

मावशीनं भावाकडे पाहिलं. तो हिरवळीत खाली बसला होता.

“अनंता, इथं काय पुरलंस रे?”

तेव्हा त्यानं तोंड उघडलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दहा फरश्या कमी पडल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, मिळतील ते चपटे दगड आण. यानं आणले. आपल्या बापासकट.

“उपडे घातले गो मी,” तो म्हणाला. “बाच्या तोंडावर कुणाचा पाय पडू नाय म्हणून.”

“म्हणून पाठीवर पाडलास?”

मावशी तिथंच फतकल मारून बसली. आदेश धावत आला. ती त्याला म्हणाली, “शिट्टी मार नायतर पोलीस बोलव. पण आधी पहार आण.”

तो पहार घेऊन आला. वर्षभर रोज दुपारी तोच त्या चपला गोळा करत होता.

आवाज आला होता ती फरशी मामासकट तिघांनी उचलली.

उपड्या बाजूला चंद्र-सूर्य होते. काठीवाला माणूस होता. आणि शेंदूर...

ओला. मावशीची बोटं लाल झाली.

खालच्या मातीत भाताचे दाणे होते. मावशीनं दिवाळीला मोहाखाली ठेवलेले, हळद लावलेले. मोजून सात. तिचेच.

आजोबा आता परत मोहाखाली आहेत. मावशी मामाशी अजून बोलत नाही, आणि मला त्यात तिचं काही चुकलंय असं वाटत नाही. मामा घरातही अनवाणी असतो. का, ते कुणी विचारत नाही.

बाकीचे नऊ तिथंच आहेत. उद्यानवाले अर्ज करा म्हणतात. तीन केले. माणसं रोज त्यांच्यावरून जातात आणि पुतळ्यासमोर फोटो काढतात.

आदेशचा परवा फोन आला होता. म्हणाला, काठीचा आवाज थांबलाय.

आता पावलांचा येतो. खालून... बऱ्याच जणांच्या.

तुम्ही तिकडे गेलात, तर वाटेवरच चपला हातात घ्या. कुणी काढून घ्यायच्या आत.