जरा सांभाळून घ्या

शर्ट करपल्याचा वास खोलीभर पसरला, तरी ताईचा हात इस्त्रीवरून हलेना! धाकटा भाऊ दारात उभा होता, फोन मुठीत आवळून, आणि त्याचे शब्द तिच्या कानांत नुसते घोंघावत होते... नोकरी गेली. तो अजून रुजूही झाला नव्हता ती, परगावच्या मोठ्या छापखान्यातली नोकरी! त्यांनी बोलावलं, यानं होकार दिला, इथल्या छापखान्याचा राजीनामा देऊन मोकळा झाला, आणि आता सोमवार तोंडावर आल्यावर त्यांनी ‘येऊ नका’ म्हणून कळवलं होतं.

“का ते विचारलं मी,” तो म्हणाला. “त्यांनी चौकशीला घरी फोन केला होता म्हणे. घरच्यांनीच सांगितलं, याला सांभाळून घ्यावं लागेल. ताई, तू म्हणालीस असं?”

म्हणाली होती ना! आई गेल्यापासून दुसरं म्हणत काय आली होती ती? शाळेतल्या बाईंना, दवाखान्यातल्या नर्सला, कामाच्या पहिल्या दिवशी इथल्या छापखान्याच्या मालक काकांना... जिथं जिथं त्याचं बोट सोडलं तिथं तिथं, “पोर आहे हो, जरा सांभाळून घ्या.” आईचंच वाक्य ते. फोनवरच्या माणसानं गोड बोलून विचारपूस केली, आणि सवयीनं तेच तोंडून निघून गेलं. पण त्या परक्यानं काय ऐकलं असेल? पोरात काहीतरी खोट आहे, याच्या चुका पदरात घ्याव्या लागणार!

“मी जायलाच नको होतं तुला,” तो हळू आवाजात म्हणाला. “सरळ सांगायचंस.” आणि न जेवताच बाहेर पडला.

ताई लाँड्रीत कामाला गेली खरी, पण जीव थाऱ्यावर कुठला! एकच कॉलर दोनदा दाबली, चादरींच्या ढिगात उशांचे अभ्रे मिसळले. मालकीणबाईंनी टोकलं, तेही ऐकू गेलं नाही. एकच विचार काळीज कुरतडत होता... खरंच का मनातलंच जिभेवर आलं? तो जाणार हे कळल्यावर याच चादरींत तोंड खुपसून ती रडली नव्हती का? शेवटी इस्त्री उभी करून ठेवली, आणि मधल्या सुट्टीत ती तडक काकांचा छापखाना गाठायला निघाली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, त्याची जागा अजून रिकामीच आहे, उद्यापासून येऊ दे. क्षणभर ताईचं अंतःकरण हर्षानं भरून आलं. पुन्हा रोज संध्याकाळी दारात त्याच्या चपला... मग तीच म्हणाली, इथं नको. तुमच्या मेहुण्यांचा छापखाना आहे ना परगावी, तिथं शब्द टाका.

काका बघतच राहिले. त्यांनी फोन लावला, मेहुण्यांशी बोलले, आणि मग फोन तिच्याच हातात दिला. पलीकडून तोच प्रश्न आला. पोरगा कसा आहे?

तेच वाक्य पुन्हा ओठांवर आलं. ताईनं पदर मुठीत घट्ट धरला.

“कामाला चोख आहे,” ती म्हणाली. “त्याला सांभाळून घ्यायची गरज नाही.”

एवढं बोलून तिनं फोन काकांच्या हातात कोंबला आणि मागं न पाहता चालू लागली.

पुढचे दोन दिवस भाऊ घरात नीट बोलला नाही. काकांच्या मेहुण्यांकडून बोलावणं आलं, त्यानं बॅग भरली, ‘निघतो’ एवढंच म्हणाला. ताईही ‘बरं’ म्हणाली आणि कामावर गेली.

दुपारी लाँड्रीच्या दारात तो येऊन उभा राहिला. काकांचा निरोप घ्यायला गेला होता आणि त्यांनी त्या फोनचं सगळं सांगितलं होतं, हे त्याच्या डोळ्यांकडे बघूनच तिला कळलं. अंगात तोच करपलेला शर्ट होता, डाग पँटमध्ये खोचलेला. ताईला ओलांडून तो सरळ मालकीणबाईंसमोर गेला.

“आमची ताई आता एकटीच असेल,” तो म्हणाला. “जरा सांभाळून घ्या.”

ताईनं हातातली इस्त्री बाजूला उभी करून ठेवली, आणि मग ती रडली.